मागचा डावा

स्वॉन्सीच्या त्या चढावर गाडी लावायची तर
चाकं फुटपाथाकडे वळवून ठेवावी लागतात,
नाहीतर पाइप, पाने, करवत, माझा सगळा संसार
थेट समुद्रात.
दार उघडलं एम्लिन प्रॉसर यांनी. वय ब्याऐंशी,
पायात सपाता, गळ्यात टाय.
गॅसवाल्याची वाट बघतोय, म्हणाले,
आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.
मागे कुणी नव्हतं. मी आत गेले.

शेगडी तपकिरी. तो रंग आता कुणी बनवत नाही,
मागतही नाही कुणी.
बटणांवरच्या खुणा पार पुसलेल्या,
मंद कुठे, मोठं कुठे, ते बोटांनाच ठाऊक.
मागचा डावा बर्नर पेटेना.
'तो नाही पेटत,' ते म्हणाले,
'जावई पहिल्यांदा जेवायला आला, त्या दिवशी गेला.'
जावयाला आता नातू आहे.
'दुरुस्त नाही केलात?'
'मेन्ना म्हणाली, तीन पुरेत,
चमचा ठेवायला एक जागा लागतेच.'
खरंच, त्या बर्नरची टोपी
एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती,
देवळाच्या पायरीसारखी.

गॅस बंद केला. शेगडी उचलली.
लोकांना वाटतं, अशा ठिकाणी अंगठी सापडते.
एक वाटाणा सापडला, काळा ठिक्कर,
आणि जळक्या काड्या. काड्याच काड्या.
नवीला भोक मोठं लागतं, जुनं दोन बोटं कमी.
करवत लावली तसे ते बाहेरच्या खोलीत गेले
आणि रेडिओ मोठा केला.

जोडणी झाली की पाण्याची नळी लावायची,
आत पाण्याची उंची बघायची,
आणि दोन मिनिटं हात बांधून उभं राहायचं.
पाणी उतरलं तर कुठेतरी गळतंय.
या दोन मिनिटांत मी कुणाशी बोलत नाही,
पण माणसं माझ्याशी बोलतात, का कोण जाणे.
'दवाखान्यात,' ते म्हणाले, 'शेवटी तिला
माझं नाव आठवायचं नाही.
पण हात असा फिरवायची, हवेत,
रस्सा मंद करायला.'
पाणी जागचं हललं नाही.
मी आकडा लिहून घेतला.

'मागचा डावा जोडू नका, असं चालेल?'
नाही चालत. चार म्हणजे चार.
अर्धवट कामावर मला सही करता येत नाही.

नव्या शेगडीला काडी नको, हे त्यांना पटलं.
पटलं नाही ते दाबून धरणं.
बटण दाबा, फिरवा, दहा मोजा, मग सोडा,
आत एक खिळा असतो, तो तापायला हवा,
नाहीतर गॅस आपणहून बंद.
ते दोनावरच सोडत. हात झटकन मागे,
काडीनं भाजू नये म्हणून घ्यावा तसा.
ज्योत विझे. पुन्हा. विझे.
'मोठ्यानं मोजा,' मी म्हटलं.
ते मोजायला लागले, इंग्रजीत नाही, वेल्शमध्ये,
ईन, दाइ, त्री, पेदवार,
शाळेतल्या पोरासारखे, मान जराशी डोलवत.
दहा झाले. हात काढला.
निळी ज्योत राहिली तशीच.
दोघंही जरा वेळ नुसते बघत राहिलो,
मी रोज बघते तरी.

हत्यारं आवरून वळले तर लाकडी चमचा
मागच्या डाव्यावर.
'तो पेटतो आता,' मी म्हटलं.
'माहीत आहे.'
चमचा उचलला त्यांनी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
ओटा पुसलेला, स्वच्छ, जागाच जागा होती.
तसाच हातात घेऊन
मला दारापर्यंत सोडायला आले.

उतारावर जुनी शेगडी मागे खडखडत होती.
पुढचा पत्ता: बॉयलर, दुसरा मजला,
घरात कुत्रा आहे, बेल वाजवू नये.